बादलीखालचे चार बोल्ट

१

चाक पडलं तेव्हा दालनात कोणी नव्हतं, हे नशीब. दालनाला बाहेरून कुलूप होतं, ही पंचाईत. कुलूपबंद खोलीत, भर जेवणाच्या सुट्टीत, दीड टनाचं बिडाचं चाक छतावरून आपणहून खाली आलं, तर दोष एक तर छताला द्यावा लागतो, नाहीतर बोल्टला. छत शाबूत होतं. आणि बोल्टला दोष द्यायची त्या आवारात कोणाची टाप नव्हती, कारण तो कारखानाच बोल्टचा होता.

कारखान्याला पन्नास वर्षं होत होती. मालकांच्या वडिलांनी ज्या यंत्रावर धंदा सुरू केला, त्याचं चाक घासूनपुसून प्रदर्शनाच्या दालनात टांगलं होतं, कारखान्याच्याच चार बोल्टांवर. मागच्या भिंतीवर पुरुषभर लांबीची पाटी होती: 'शब्द आणि बोल्ट, दोन्ही न तुटणारे.' चाक परवा टांगलं आणि काल पडलं. पाटीला धक्का लागला नाही. फरशीचे मात्र तीनतेरा वाजले.

आज संध्याकाळी समारंभ होता. म्हणून आज सकाळी तडेबाईंना बोलावणं गेलं.

तडेबाई एका चाचणी प्रयोगशाळेत होत्या आणि गेली कित्येक वर्षं फक्त तुटलेल्या वस्तू बघत होत्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असायचं, बाकी सगळीकडे तडेबाई. घरी कप फुटला तर त्यांचे यजमान तुकडे गुपचूप कागदात गुंडाळून बाहेर टाकून यायचे. नाहीतर चौकशी व्हायची.

"तुम्हाला फार त्रास नाही, बाई," थोरले म्हणाले. कारखाना दोघा भावांचा. थोरले कारभार बघत, धाकटे कारखाना. "घातपात आहे हे सगळ्यांना माहीत आहे. माणूससुद्धा सापडलाय. तुम्ही फक्त कागदावर घ्यायचं."

त्यांनी रुमालात गुंडाळलेला एक तुटका बोल्ट पुढे केला. बोल्टचा दांडा होता, डोकं नव्हतं. चांदीसारखा चमकत होता. तुटलेल्या टोकाशी करवतीची खाच होती, चांगली पाव इंच खोल. आणि खाचेच्या बाजूला चार-पाच ओरखडे, कोणी आधी इकडेतिकडे घसरून मग जागा सापडल्यासारखे.

"हा बघा. कापलेला आहे."

"दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष थोरल्यांच्या डाव्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे गेलं. "हाताला काय झालं?"

"कात्री लागली. फीत कापायचा सराव करत होतो."

"फीत कापायला सराव लागतो?"

"फोटो निघणार आहेत, बाई."

बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. खाच सोडून उरलेला भाग त्यांनी बराच वेळ न्याहाळला. कडक का होईना, पोलाद तुटताना आधी थोडं ताणतं, कंबरेत बारीक होतं, मग तुटतं; हातपाय झाडल्याशिवाय जात नाही. हा मात्र खडू मोडावा तसा मोडला होता. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे बारीक दाणे चमचमत होते. इतर तीन बोल्ट अजून चाकाजवळच पडले होते. तेही तसेच, फक्त त्यांना खाच नव्हती.

"असे चमकणारे आणखी आहेत?"

"भरपूर. खास बनवून घेतलेत."

"मला तीन द्या. आणि एक नेहमीचा, काळा. दोन जाड लोखंडी पट्ट्या, एक लांब पाना आणि एक बादली."

"बादली?"

"रिकामी."

तिथल्याच एका कामगाराकडून बाईंनी चारही बोल्ट दोन पट्ट्यांमधून आरपार घालून नट कचकचून आवळून घेतले, पाना पुढे जाईना इतके. मग तो सगळा ऐवज पडलेल्या चाकाशेजारी फरशीवर ठेवला आणि वर बादली पालथी घातली. बादलीवर एक वीट.

"हे काय आहे?" थोरल्यांनी विचारलं.

"साक्षीदार," बाई म्हणाल्या. "बोलायला वेळ घेतात. आता तुमचा सापडलेला माणूस दाखवा."

२

सापडलेला माणूस पहारेकऱ्याच्या खोलीत स्टुलावर बसला होता. चाक टांगणारा मिस्त्री. केस पांढरे, मनगटं अजून जाड. पोलीस रात्री पाहुणे गेल्यावर येणार होते. समारंभात पोलीस शोभत नाहीत असं थोरल्यांचं मत होतं.

बाईंची चौकशीची एकच पद्धत होती. एक प्रश्न विचारायचा आणि मग नुसतं बसून राहायचं. प्रयोगशाळेत याला कोणी पद्धत म्हणत नसत, आळस म्हणत.

"चाक का पडलं, मिस्त्री?"

"मला काय ठाऊक? मी टांगलं, पाडलं नाही."

बाई बसून राहिल्या. मिस्त्रीने छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

"दालनाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती, हे खरं," तो शेवटी म्हणाला. "आणि थोरल्या साहेबांना मी बोललो होतो, हेही खरं. ते म्हणाले, चाक आणखी वर घ्या, हारामागून दिसत नाही. मी म्हटलं, घेतो, पण पडलं तर मला सांगू नका. आता हे मी प्रत्येक कामाला म्हणतो, बाई. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांनासुद्धा म्हणालो होतो."

"ते टिकलं का?"

"टिकलंय की. नात आहे दहा वर्षांची." मिस्त्रीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "आज गाणार आहे समारंभात. कामगारांच्या पोरांचं गाणं आहे. मला इथून दिसणार नाही, पण ऐकू येईल म्हणतात. इतकी वर्षं इथे काढली. राहायची खोली कारखान्याची, शेजारी सगळे इथले. उद्या पोरीला शाळेत विचारतील, तुझा आजोबा चोर का? घातपात म्हणजे काय हे पोरांना कळत नाही. चोर म्हणजे कळतं."

बाई तरीही बसून राहिल्या.

"तिच्यासाठी तर मी," मिस्त्री म्हणाला, "वरची दिव्यांची कमान स्वतः टांगली. व्यासपीठावरची. आहे भली जड, लोखंडी. थोरल्या साहेबांकडच्या वहिनींनी सांगितलं, तिथेही तेच चांदीसारखे बोल्ट लावा, दिव्यात छान दिसतील. खाली पोरं उभी राहणार, माझी नात मधोमध. म्हणून मी तिथले बोल्ट चाकापेक्षाही जास्त आवळलेत. अगदी जीव लावून."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"कधी आवळलेत?"

"काल संध्याकाळी, मला इथे आणून बसवायच्या आधी. का हो?"

३

"व्यासपीठ रिकामं करा," बाईंनी थोरल्यांना सांगितलं. "कमानीखाली कोणालाही उभं करू नका."

थोरल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे, जणू दोन्ही मागे पडत होते. "पुरावा?"

"येतोय."

"मग आल्यावर बोलू. तुमच्या एका शंकेवर मी पाहुण्यांना खाली हिरवळीवर बसवू? बोल्ट तुटत नाहीत, बाई. तोडले जातात. हवं तर ओकेसाहेबांना विचारा."

ओकेसाहेब मालाची तपासणी करणारे. तपासलेल्या प्रत्येक पेटीवर ते ओके असा शिक्का मारत, त्यावरून हे नाव पडलं होतं आणि त्यांनी ते बढतीसारखं स्वीकारलं होतं. त्यांची खोली माळ्यावर. वर जायला जवळजवळ उभा लोखंडी जिना, कठडा एकाच बाजूला. ओकेसाहेब तो एका हातात चहाचा कप घेऊन चढत.

"चमकणाऱ्यातले दोन मी स्वतः यंत्रावर ओढून तोडले," ते म्हणाले. "चाकाच्या वजनाच्या कितीतरी पट ताकद लागली. उत्तम बोल्ट. शिक्का उगाच नाही मारत मी."

"किती वेळ ओढले?"

"किती वेळ म्हणजे? मिनिटभर. तुटेपर्यंत."

"हं," बाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

ओकेसाहेब बसून राहण्याला घाबरणारे नव्हते; ते स्वतःही दिवसभर बसत. पण चहा संपला. "थोरले इथे कधी येत नाहीत," ते म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "या जिन्याने त्यांना गरगरतं. कार्यालयसुद्धा तळमजल्यावर घेतलंय. मी तक्रार करत नाही. उलट सोयीचंच आहे."

"काल चाक पडल्यावर दालनात पहिलं कोण शिरलं?"

"सगळे एकदमच. आवाजच तसा झाला. मग थोरल्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मिस्त्रीची किल्ली घेतली आणि कुलूप लावलं. संध्याकाळी तेच एक बोल्ट घेऊन आले, म्हणाले करवतीने कापलाय. मला तर धक्काच बसला."

"तो तुम्ही हातात घेऊन पाहिलात?"

"रुमालात होता."

बाई दालनात परत आल्या. बादलीखाली शांतता होती. छताकडे पाहिलं तर जाड लोखंडी तुळई, तिला चार भोकं. बोल्ट वरून खाली घातलेले होते, डोकं तुळईवर, नट खाली. मोडले ते डोक्याच्या मुळाशी, जिथे ताण सगळ्यात जास्त. म्हणजे दांडे चाकाबरोबर खाली आले. आणि डोकी?

कोपऱ्यात शिडी होती. बाईंनी चष्मा डोक्यावर सारला आणि चढल्या. तुळईवर, धुळीत, चार चकचकीत डोकी उडून विखुरली होती. चाक पडल्यापासून वरपर्यंत कोणी आलंच नव्हतं.

त्यांनी ती खाली आणली आणि एकेका दांड्याशी जुळवून पाहिली. तीन डोकी आपापल्या दांड्यावर कण न् कण बसली. चौथं खाचवाल्या दांड्याचं. तेही बसलं, फक्त दांड्यावर जिथे करवतीची खाच होती, तिथे डोक्याच्या कडेला साधा ओरखडाही नव्हता.

भिंगातून आणखी एक गोष्ट दिसली. खाच पाडताना लोखंडाचा जो बारीक कीस निघतो, तो तुटलेल्या तोंडावर आडवा पडून चिकटला होता, चमचमत्या दाण्यांच्या वर.

बोल्ट आधी तुटला होता. कापला नंतर.

४

वहिनी, म्हणजे थोरल्यांच्या पत्नी, व्यासपीठाच्या बाजूला एका डुगडुगत्या स्टुलावर उभ्या राहून स्वतः फुलांच्या माळा बांधत होत्या. समारंभ त्यांच्याच देखरेखीखाली होता. त्यांच्या डोक्यावर दिव्यांची कमान होती, आणि तिचे बोल्ट उन्हात लखलखत होते.

"खाली या आधी," बाई म्हणाल्या.

"अहो, मी रोज चढते. आमच्याकडे दिवे बदलायला मीच असते. यांना पायरी दोन फूट उंच असली तरी डोळे मिटावे लागतात." तरीही त्या उतरल्या. "झालं का तुमचं? मिस्त्रीनेच केलं ना? मला तर विश्वासच बसत नाही. चांगला माणूस हो. पण हे म्हणतात म्हणजे असेल."

"बोल्टला चमक कोणी द्यायला सांगितली?"

"मी. काळेकुट्ट तेलकट बोल्ट समारंभात टांगायचे? मी धाकट्या भावोजींना म्हटलं, झिंक चढवा, जरा माणसात येऊ देत. चढवलं त्यांनी. किती सुरेख दिसतात नाही?"

"आणि पाटी?"

"तीही माझीच कल्पना. ऐन वेळी रंग वाळेना. पण जमवलं."

बाई पाटी बघायला दालनात गेल्या. पांढरी अक्षरं दुरून पांढरी होती. जवळून जुन्या दातांच्या रंगाची. पाटीचा एक कोपरा भिंतीपासून जरा ओढून त्यांनी मागे पाहिलं. मागच्या रंगावर चौकोनी जाळीचे वळ उमटले होते, तव्यावर चुकून हात टेकल्यासारखे.

बादली अजून गप्प होती. दालनात शिरलेले थोरले तिच्याकडे बघून म्हणाले, "तुमचा साक्षीदार मुका दिसतोय."

धाकटे मुलामा चढवायच्या विभागात सापडले. ॲसिडच्या हौदांवरून एक अरुंद फळी जात होती आणि धाकटे तिच्यावरून बागेत फिरावं तसे फिरत होते. ॲसिडात गंज काढायचा, मग झिंकच्या हौदात बुडवायचं, मग भिंतीशी असलेल्या मोठ्या भट्टीत काही तास भाजायचं. रीत अशी. भट्टीच्या दारावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'कडक माल, मुलाम्यानंतर लगेच भाजा.'

"तुमचं अक्षर?" बाईंनी विचारलं.

"माझंच. पोरं विसरतात."

"समारंभाचे बोल्ट भाजले होते?"

"भाजले की," धाकटे म्हणाले. जरा लवकर म्हणाले.

बाईंनी भट्टीचं दार उघडलं. आत लोखंडी जाळी होती, चौकोनी. जाळीवर पांढऱ्या रंगाचे ठिपके, वाळून टणक झालेले. बाई त्या ठिपक्यांकडे बघत बसून राहिल्या. धाकट्यांनी फळीवरच्या फेऱ्या थांबवल्या. मग पुन्हा सुरू केल्या. मग घसा खाकरला.

"वहिनींना नाही म्हणता येत नाही हो," ते म्हणाले. एवढंच बोलून ते फळीच्या पलीकडच्या टोकाला गेले आणि तिथेच थांबले.

बाहेर कामगारांची मुलं गाण्याच्या सरावासाठी रांगेने व्यासपीठाकडे निघाली होती.

५

बाईंनी पहिल्यांदा आवाज चढवला. सरावापुरती मुलं हिरवळीवर थांबली, आणि घरचे सगळे दालनात जमले: थोरले, धाकटे, वहिनी, ओकेसाहेब. बाईंच्या आग्रहावरून मिस्त्रीलाही आणलं. तो दाराशी उभा राहिला, कारण बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

"पाहुणे यायची वेळ झाली," थोरले म्हणाले. "थोडक्यात."

"थोडक्यात, चाक कोणी पाडलं नाही. बोल्ट आपणहून तुटले." सगळ्यांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू त्या घरच्या देवमाणसाबद्दल काही वावगं बोलल्या होत्या. बाई तशाच पुढे बोलत राहिल्या. "पोलाद ॲसिडात घातलं की हायड्रोजन आत शिरतो. दिसत नाही, वजनात कळत नाही. साध्या पोलादाला तो पचतो. इतक्या कडक पोलादाला पचत नाही. लगेच भाजलं तर निघून जातो. नाही भाजलं तर आतच राहतो. मग बोल्ट आवळला, म्हणजे ताणला, की तो हळूहळू जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो. डोक्याच्या मुळाशी. तिथे दाण्याला दाणा धरेनासा होतो. काही तास जातात, कधी दोन दिवस. मग कोणी हात न लावता, भर जेवणाच्या सुट्टीत, कुलूपबंद दालनात, बोल्ट मोडतो. एक गेला की बाकीच्यांवर भार येतो, तेही जातात."

"पण मी ओढून पाहिले होते!" ओकेसाहेब म्हणाले.

"मिनिटभर. पाहुण्याने दारातून 'कसं काय' विचारलं की सगळी घरं 'मजेत' म्हणतात. तोच पाहुणा दोन दिवस मुक्काम ठोकून बसला, की घर कुठे तडकलंय ते दिसतं. तुमचं यंत्र दारातून विचारतं, साहेब. चाक मुक्कामाला आलं होतं."

ओकेसाहेबांनी खिशातला शिक्का चाचपला आणि तिथेच राहू दिला.

"धाकटे म्हणतात भाजले होते," थोरले म्हणाले. "काय रे?"

धाकटे पाटीकडे बघत होते.

"आणि हे सगळं बोलणं झालं," थोरल्यांनी बादलीकडे हात केला. पट्टीवाला. "तुम्ही सकाळी आवळून ठेवलेत ना तेच बोल्ट? मग ते का नाही तुटत? उचला बादली, बघू."

"त्यांची वेळ मी ठरवत नाही," बाई म्हणाल्या. हे खरं होतं, आणि खरं असूनही फारच लंगडं वाटलं. तुटतीलच अशी खात्री देता येत नव्हती. आज नाही, तर उद्या. उद्याला अर्थ नव्हता.

"बाई, पन्नास वर्षांत या कारखान्याचा एक बोल्ट—"

"अहो, ते भाषणात बोला," वहिनी म्हणाल्या. "मुलं उन्हात उभी आहेत. त्यांना कमानीखाली घेऊ द्या. आणि ही बादली इथून हलवा आधी, इथे मला फुलांची परडी ठेवायचीय." त्या पुढे झाल्या आणि त्यांनी वीट उचलली.

"हात लावू नका!"

टण्ण.

बादली जागच्या जागी उडाली आणि गोल फिरून पडली. लोखंडी पट्टीतून एका चकचकीत बोल्टचं डोकं निघून थेट बादलीच्या बुडाला आतून आपटलं होतं. तिथे बाहेरून एक टेंगूळ आलं होतं. वहिनींच्या हातातली वीट हातातच राहिली.

बाईंनी बादली जरा कलती करून पाहिलं. दोन चमकदार अजून शाबूत होते. काळा बोल्ट होता तसाच घट्ट बसला होता, एखाद्या घरात लक्ष न दिलेल्या मुलासारखा. त्यांनी बादली परत पालथी घातली आणि वर फरशीचा एक तुकडा ठेवला.

"वहिनी," धाकटे हळूच म्हणाले, "पाटी."

"पाटीचं काय?"

"भट्टीत पाटी होती. त्या दिवशी. तुम्ही म्हणालात रंग वाळत नाही, आजच्या आज हवी. मी बोल्ट काढून ठेवले आणि पाटी आत घातली. म्हटलं, बोल्ट उद्या भाजू. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेलेसुद्धा. इतके चमकत होते की मलाही झालेलेच वाटले."

सगळ्यांनी एकदम पाटीकडे पाहिलं. 'शब्द आणि बोल्ट, दोन्ही न तुटणारे.' अक्षरं पुरेशी भाजलेली होती.

दाराशी मिस्त्रीने तोंड उघडलं. "म्हणजे कमानीचे..."

"तेही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही ते जीव लावून आवळलेत."

मिस्त्री दारातून पळत सुटला. पहारेकऱ्याला त्याला अडवायचं होतं, पण का ते त्या क्षणी आठवेना.

६

मुलं हिरवळीवरच होती. मिस्त्रीने स्वतः जाऊन मोजली नाहीत, एकच शोधली, तिला हाताला धरून आणखी मागे नेलं आणि मग परत आला.

कमानीखाली भराभर लाकडी टेकू लागले. धाकट्यांनी बाह्या वर करून ते आणवले. तेवढ्यापुरते ते बरे दिसत होते. टेकूंनी कमानीचं वजन पेललं की बोल्ट एकेक करून सैल करायचे आणि काळे घालायचे, असं ठरलं.

थोरले दालनातच थांबले होते. बाईंजवळ येऊन त्यांनी आवाज उतरवला. "म्हणजे चूक झाली. घरातल्या घरात. घातपात नाही, उलट चांगलंच की. तुम्ही अहवालात लिहा, मुलाम्यात त्रुटी. तो कापलेला बोल्ट कुठून आला कोण जाणे. सोडून देऊ."

"नाही सोडता येत. त्याच्यावर एका माणसाची खोली आणि एका मुलीची शाळा लटकली होती." बाईंनी पिशवीतून दांडा आणि डोकं काढून टेबलावर जोडून ठेवलं. "कापणाऱ्याला वाटलं, तुटलेल्या वस्तूला एकच बाजू असते. तिला दोन असतात, भांडणासारख्या. दुसरी वर तुळईवर होती. कोरी. ज्याला शिडी चढता येते तो वर जाऊन तिलाही खाच पाडून आला असता, निदान खिशात घालून आला असता. ओकेसाहेब चहा घेऊन जिना चढतात. धाकटे ॲसिडवरून फेऱ्या मारतात. वहिनी स्टुलावर राहतात. मिस्त्रीचा तर धंदाच तो."

थोरल्यांनी कोपऱ्यातल्या शिडीकडे पाहिलं.

"शिवाय हे ओरखडे बघा. करवत पाच वेळा घसरली, मग जागा सापडली. इथे जो कोणी हाताने काम करतो त्याला पहिल्या घासात जमतं. म्हणजे कापणारा असा, की ज्याने आयुष्यात करवत धरलेली नाही. मी सकाळपासून सगळा कारखाना बघितला. असा माणूस इथे एकच आहे. आणि करवत घसरली की ती पहिली डाव्या अंगठ्यावर येते. कात्री तिथे येत नाही. फीत दोन्ही टोकांना बांधलेली असते, डाव्या हाताचं तिथे काम नसतं."

थोरल्यांनी अंगठा मुठीत घेतला. म्हणाले, "वडिलांचं चाक होतं, बाई. आमच्या बोल्टवरून पडलं. हे मी कोणाला सांगणार होतो? माणसाने पाडलं म्हटलं की निदान बोल्टचं नाव राहतं."

"आणि माणसाचं?"

थोरल्यांनी कापलेला दांडा उचलला आणि रुमालात न गुंडाळता परत टेबलावर ठेवला. हा त्यांचा त्या दिवसातला पहिला प्रामाणिकपणा असावा.

बाहेरून मिस्त्रीचा आवाज आला. "शिडी धरायला कोण येतंय?"

कामगार टेकूंना खांदे लावून उभे होते. धाकटे काळे बोल्ट आणायला गेले होते. ओकेसाहेब यंत्रावर एक बोल्ट लावून तो किती वेळ तसाच ठेवायचा याचा विचार करत माळ्यावर बसले होते. बाईंनी थोरल्यांकडे पाहिलं आणि, पद्धतीप्रमाणे, नुसतंच पाहत राहिल्या.

थोरले बाहेर गेले.

व्यासपीठावर शिडीपाशी पोचल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि लगेच डोळे मिटले. मग उघडले. "मिस्त्री," ते म्हणाले, "पोलीस येणार नाहीत. बोल्ट मी कापला होता. सगळ्यांसमोर सांगेन. भाषणातच सांगतो."

हिरवळीवरून मुलं बघत होती. मिस्त्रीने पाना कमरेला खोचला. त्याला बरंच काही म्हणता आलं असतं आणि त्यातलं बरंचसं त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं.

"भाषणाचं मग बघू," तो म्हणाला. "आधी शिडी धरा. दोन्ही हातांनी."

तो चढला. शिडी थरथरली, कोणाच्या बाजूने ते सांगणं अवघड होतं. वर पहिला नट कुरकुरत सैल झाला, आणि त्याच क्षणी दालनाच्या उघड्या दारातून दुसरा आवाज आला.

टण्ण.

थोरले जागच्या जागी दचकले, पण हात सुटले नाहीत.

"धरलीय ना?" मिस्त्रीने खाली न बघता विचारलं.

"धरलीय."

पन्नास वर्षांत त्या कारखान्यातून बरेच शब्द बाहेर गेले होते. या एका शब्दावर पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाचं वजन होतं. बाई हिरवळीच्या कडेला मुलांशेजारी बसल्या आणि कमानीचा शेवटचा बोल्ट निघेपर्यंत बसून राहिल्या.